नारिंगी केसांतली अबोली

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देते.

त्या ३८ वर्षांच्या आहेत. पुढच्या महिन्यात त्यांच्या वडिलांची पंच्याहत्तरी आहे. देवळाच्या सभागृहात दीडशेच्या आसपास माणसं येतील आणि जेवणाआधी त्यांचा धाकटा भाऊ जुने फोटो पडद्यावर दाखवणार आहे. त्यात २००२ च्या चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, एक फोटो आहे. त्या तेव्हा दहावीत होत्या. चवथीच्या महिनाभर आधी मावसबहिणीला हाताशी धरून त्यांनी कमरेपर्यंतची वेणी मानेपर्यंत कापली आणि उरलेल्या केसांना औषधाच्या दुकानातून आणलेलं पेरॉक्साइड लावलं. सोनेरी व्हायचे ते केस नारिंगी झाले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी एका शिक्षिकेने त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. घरी आई आठ दिवस बोलली नाही. त्या वर्षीचे बाकीचे फोटो त्यांनी पुढे फाडून टाकले. हा एक भावाकडे राहिला, कारण त्यात आजी आहे आणि आजीचा तो शेवटचा फोटो. “मला कापून फक्त आजी ठेव,” असं त्या भावाला म्हणाल्या. “तू उगाच बाऊ करतेस,” असं भाऊ म्हणाला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. त्यातच त्यांच्या १४ वर्षांच्या मुलीला केसांत निळी बट हवी आहे. ‘नाही’ म्हणताना त्यांच्या तोंडून त्यांच्या आईचेच शब्द बाहेर पडले. त्यावर मुलीने विचारलं, “मग मामाच्या फोनमध्ये ते नारिंगी केस कोणाचे आहेत?”

त्यांचे प्रश्न दोन आहेत. भावाला थांबवायचा मला हक्क आहे का? आणि मी केला तो मूर्खपणा मुलीने करू नये म्हणून मी काय करू?

प्रिय बाय,

पत्रात तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवर येते. पत्राबरोबर तू त्या फोटोची प्रत पाठवलीस, “म्हणजे तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते,” असं लिहून. मी आधी फोटो बघितला, मग पत्र वाचलं आणि मग पुन्हा फोटो बघितला. फोटोबद्दल मला जे सांगायचं आहे ते जरा नंतर सांगते. आधी पत्राबद्दल.

चार पानांपैकी तीन पानं केसांबद्दल आहेत. कात्री कुठून आणली, बाटली कितीची होती, न्हाणीघरात आरसा नव्हता म्हणून मावसबहिणीने पितळेचं ताट धरलं होतं, हे सगळं तू बारकाईने लिहिलंस. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे: “प्रार्थनेला बाईंनी मला पुढे बोलावून मुलांकडे तोंड करून उभं केलं आणि केस सोडायला लावले, पण ते असो.” तुझ्या पत्रातली सगळ्यात जड ओळ मला ही वाटली, आणि तिच्यापुढे तू ‘पण ते असो’ लिहिलंस. मला ते असू द्यायचं नाही. तुझ्या दोन्ही प्रश्नांची वाट त्या ओळीवरूनच जाते, असं मला वाटतं.

त्याआधी ‘मूर्खपणा’ हा शब्द बाजूला ठेवू या. चार पानांत तो पाच वेळा आला आहे. तुझे केस नारिंगी झाले त्याचं कारण साधं रसायनशास्त्र आहे. काळ्या केसांत दोन तऱ्हेची रंगद्रव्यं असतात. काळं-तपकिरी युमेलॅनिन भरपूर असतं आणि लालसर-पिवळं फिओमेलॅनिन थोडं. पेरॉक्साइडने काळं द्रव्य आधी विरतं आणि लालसर मागे राहतं. म्हणून आपल्याकडचे केस उतरताना आधी लालसर होतात, मग नारिंगी आणि मग कुठे पिवळे. मधल्या पायरीवर थांबलं की नारिंगीच दिसणार. पार्लरमध्ये शिकलेली बाई पुढची पायरी गाठते किंवा त्या नारिंगीवर दुसऱ्या रंगाचा हात देते. तुझ्याजवळ होती एक बाटली, एक ताट आणि चौदा वर्षांची मावसबहीण. पंधराव्या वर्षी हे माहीत नसणं म्हणजे माहीत नसणं, एवढंच.

आणि तू हे कशासाठी केलंस तेही पत्रात आहे. वर्गात तुला ‘तेलकट वेणी’ म्हणायचे. आठवीपासून. केबलवर गाण्यांच्या वाहिन्या दिवसभर चालायच्या तो काळ. मुली कपाळावर दोन बटा मोकळ्या सोडायच्या, फुलपाखरांच्या क्लिपा लावायच्या, जाड तळव्याच्या चपला घालायच्या. यातलं काहीच तुला घरातून मिळत नव्हतं आणि जे मिळालं होतं त्यावरून चिडवत होते. एका दुपारी तुला दुसरी कोणीतरी व्हावंसं वाटलं.

गाजलेल्या केशरचनांची मुळं शोधली तर बऱ्याचदा अशीच एखादी गोष्ट सापडते. तुझ्या आईच्या पिढीआधीच्या मुलींनी साधना कट केला. साधनाने १९६० साली पडद्यावर ती बटांची झालर आणली, ती तिचं रुंद कपाळ झाकायला. आणि तुझ्याच त्या २००२ सालचं घे. विश्वचषकात ब्राझीलच्या रोनाल्डोने सगळं डोकं भादरून पुढे अर्धचंद्रासारखा केसांचा एक तुकडा ठेवला होता. पुढे त्याने स्वतः सांगितलं की पत्रकार सारखे त्याच्या दुखापतीबद्दल विचारत होते, त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून त्याने ते केलं. ३० जूनच्या अंतिम सामन्यात त्याने जर्मनीवर दोन गोल केले आणि जगभरची पोरं न्हाव्याकडे धावली. आपल्या गोव्यात तर दारादारांवर ब्राझीलचे झेंडे लागले होते. तुझा भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्यानेही तो अर्धचंद्र ठेवला होता, हे तूच लिहिलंस. तो फोटोही पंच्याहत्तरीच्या पडद्यावर आहे आणि त्याला त्याची मजा वाटते. “त्याला चालतं मग मला का नाही, म्हणजे दोष माझ्यातच,” असं तू लिहिलंस. याचाच जरा नीट विचार करू.

तुझ्या भावाबरोबर वाड्यावरच्या आणखी चार पोरांनी तेच डोकं केलं होतं. पाच जण एकत्र फिरले, एकत्र चिडवून घेतलं, केस वाढले, संपलं. तू एकटी होतीस. तो मुलगा होता, त्याचे केस म्हणजे त्याचे केस. तू मुलगी होतीस, तुझी वेणी म्हणजे घराची अब्रू. आईने तुझ्याशी आठ दिवस अबोला धरला. भावाशी आठ मिनिटं तरी धरला होता का? आणि मुख्य म्हणजे, त्याला कोणी प्रार्थनेच्या रांगेपुढे उभं केलं नाही.

डेव्हिड एल्काइंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली एक गोष्ट मांडली. या वयातल्या मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्या बघणाऱ्यांना त्याने काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. बहुतेकांच्या बाबतीत ते प्रेक्षक मनातच असतात आणि वय वाढलं की पांगतात. मोठेपणी जुना फोटो बघून आपण हसतो, कारण तोवर कळलेलं असतं की फारसं कोणी बघतच नव्हतं. तुझ्या बाबतीत एका मोठ्या माणसाने ते प्रेक्षक खरेखुरे गोळा केले, रांगेत उभे केले आणि तुझ्याकडे बघायला सांगितलं. २३ वर्षांनी तो फोटो दीडशे माणसांसमोर पडद्यावर येणार म्हटल्यावर तुझ्या पोटात खड्डा पडतो, यात नवल नाही. सभागृह, समोर माणसं, मध्ये तू आणि तुझे केस. तुला ती प्रार्थनाच दिसते आहे.

माझ्या घरातलं एक सांगते. माझा थोरला भाऊ १९७५ साली सोळा वर्षांचा होता. हणजूण, कळंगुटला तेव्हा हिप्पी असायचे आणि गावात केस वाढवलेल्या कुठल्याही मुलाला हिप्पी म्हणायचे. भावाने म्हापशाच्या शिंप्याकडून बेलबॉटम शिवून घेतली, पायाशी एवढी रुंद की पावसात चिखल झाडत चालायचा. केस खांद्यापर्यंत. बाबांना दोन्ही आवडत नव्हतं. पँटबद्दल ते नुसते पुटपुटायचे. केसांसाठी मात्र एका रविवारी सकाळी त्यांनी न्हाव्याला घरी बोलावलं आणि सोप्यावर, शेजारपाजारची माणसं उभी असताना, भावाला बसवून केस उतरवले. मी नऊ वर्षांची होते. भाऊ रडला नाही, डोळे मिटून बसला होता. आज तो पासष्टीच्या पुढे आहे. बेलबॉटमची गोष्ट अजून हात फिरवून सांगतो, कापड किती लागलं, शिंप्याने कसं दीड वार जास्त मागितलं. केसांचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतो आणि परत येत नाही. माणूस तोच, वर्ष तेच, दोन्ही फॅशनी सारख्याच विचित्र. एकीवर तो हसू शकतो, कारण तिच्यावरून त्याला कोणी चारचौघांत वाकवलं नाही.

म्हणून तुझी लाज मला त्या नारिंगी रंगाची वाटत नाही. ती त्या सकाळी तुझ्यावर टाकलेली आहे आणि तू ती तेव्हापासून आपली समजून सांभाळलीस. पंधरा वर्षांच्या मुलीला रांगेपुढे उभं करून केस सोडायला लावणं, हे त्या बाईंनी केलं. ते चूक होतं. तुला हे त्या वेळी घरात कोणी म्हणालं नसेल, तर आज मी म्हणते.

तू लिहिलंस, “त्यानंतर मी केसांशी कधी खेळले नाही.” २३ वर्षं एकच घट्ट अंबाडा. आवडतो म्हणून असेल तर छान. पण तसं तू म्हटलेलं नाहीस.

आता भावाचा प्रश्न. हक्क आहे. फोटो तुझा आहे, तू ‘नको’ म्हणालीस की ते पुरेसं असायला हवं, कारण सांगावं लागू नये. शाळेच्या जुन्या बॅचचे व्हॉट्सअॅप गट झाल्यापासून मला अशी पत्रं बरीच येतात. एखादा उत्साही मित्र न विचारता सगळ्यांचे फोटो टाकतो आणि मग जो दुखावतो त्यालाच ‘खिलाडूपणा नाही’ म्हणतात. फोटो टाकणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ज्याचा फोटो त्याला आधी एक फोन करा. दोन मिनिटं लागतात. नको म्हणाला तर कारण खणू नका.

पण तुझ्या भावाला कारण माहीतच नाही, असा माझा अंदाज आहे. तू शाळेतून आलीस तेव्हा तो पाचवीत होता. त्याच्या लेखी ताईने एकदा केसांचा गोंधळ केला आणि आई चिडली, एवढीच ती गोष्ट. तू त्याला ‘मला काप’ म्हणालीस तेव्हा त्याला वाटलं, ताई मिजास करते आहे. तेव्हा हक्क बजावायच्या आधी त्याला ती एक ओळ सांग. फोनवर जमत नसेल तर लिही. फार काही नको, एवढंच पुरे: “तुझा फोटो काढला तेव्हा तुझ्याबरोबर आणखी चार जण होते. माझा काढला त्याच्या महिनाभर आधी मला शाळेत सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मला तो फोटो बघितला की ती सकाळ आठवते.” यावरही तो ‘बाऊ’ म्हणाला तर फोटो निखालस काढायला लाव आणि मनाला लावून घेऊ नकोस. मला वाटतं तो म्हणणार नाही.

त्यानंतर तो फोटो दाखवायचा की नाही हे तू ठरव, आणि घाईने ठरवू नकोस. ठरवताना एक गोष्ट ध्यानात घे. २००० साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकेका विद्यार्थ्याला घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला दिला आणि इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज निम्म्यांच्या आसपास असायचा. प्रत्यक्षात पाव भाग लोकांच्याच ते ध्यानात आलेलं असायचं. पंच्याहत्तरीला येणारी दीडशे माणसं पडद्यावर कोणाला शोधतील, सांग? स्वतःला. आपण कुठे आहोत, तेव्हा किती बारीक होतो, शेजारी उभी असलेली मावशी आता आहे की गेली. तुझा फोटो पाच सेकंद राहील आणि त्यात बहुतेकांची नजर आधी आजीवर जाईल.

कपड्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स लेव्हर यांनी १९३७ साली एक कोष्टक दिलं होतं. चालू फॅशन वर्षभराने जुनाट वाटते, १० वर्षांनी कुरूप, २० वर्षांनी हास्यास्पद, ३० वर्षांनी गमतीची, ५० वर्षांनी जुन्या थाटाची, ७० वर्षांनी मोहक आणि दीडशे वर्षांनी सुंदर. तुझा फोटो आत्ता २३ वर्षांचा आहे, म्हणजे सगळ्यात वाईट टप्प्यात. तुझ्या लेकीच्या मुलांना तो कसा दिसेल याचा निर्णय आज फाडून करू नये, असं मला वाटतं. आईची एक जुनी साडी आपण जशी कपाटात ठेवतो, नेसत नाही पण टाकतही नाही, तसा राहू दे.

आता त्या फोटोकडे येते. तू म्हणतेस त्यात तुझे केस सोडून काही दिसत नाही. मी तो संगणकावर मोठा करून बघितला. वर माटोळी आहे, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळांची चौकट, कवंडळं आणि तोरिंगं ही फळं टांगलेली, सुपारीचा घड थेट तुझ्या डोक्यावर. आजी पाटावर बसली आहे, तू तिच्या शेजारी जमिनीवर. आजीचा उजवा हात कुठे आहे बघितलंस का? तो तुझ्या डोक्यामागे आहे. फोटो काढला तेव्हा ती तुझ्या केसांत फाती, म्हणजे फुलांचा गजरा, माळत होती किंवा नुकतीच माळून झाली होती. कानामागे एक काटा चमकतो आहे. फाती अबोलीची आहे आणि नारिंगी केसांत नारिंगी अबोली मिसळून गेली आहे, म्हणून २३ वर्षं तुला ती दिसली नसावी. मलाही तिसऱ्यांदा बघताना दिसली.

चवथीला घरात जायांची फुलं असणार, शेवंतीही असेल. पांढरी फाती त्या केसांत लांबून उठून दिसली असती. आजीने अबोली का घेतली ते मला सांगता येणार नाही. दारात तीच फुललेली असेल. पण मानेपर्यंत कापलेल्या केसांत फाती टिकत नाही, तिला दोन काटे लावावे लागतात, नीट बसवावी लागते. घरात सगळे नाराज होते त्या दिवसांत एक माणूस हे करत बसलं होतं. आणि पत्रात तूच लिहिलंस की केस बघितल्यावर आजी एवढंच म्हणाली होती, “येतले गो केस.”

भावाला तू सांगितलंस, मला काप आणि आजी ठेव. तसं करायला गेला तर त्याला आजीचा हात मनगटापासून कापावा लागेल. तू फोटो दाखवू नको म्हण, मी तुझ्या बाजूने आहे. कापू मात्र नकोस.

दाखवायचं ठरवलंस तर असं करता येईल. तो फोटो भावाने बाकीच्या गमतीच्या फोटोंत, अर्धचंद्राच्या शेजारी ठेवू नये. आजीच्या फोटोंबरोबर ठेवावा. त्याखाली केसांबद्दल काही लिहू नये. ‘आजी, चवथ २००२’ एवढंच. तरी कोणी हसलं तर हसू दे, तुला हसणाऱ्यांच्या पुढे उभं राहायचं नाही, तू त्यांच्यातच बसलेली असशील, लेकीच्या शेजारी.

लेकीबद्दल. तू विचारतेस, माझा मूर्खपणा तिने करू नये म्हणून काय करू? तिला बट हवी आहे, तुला तिला एका सकाळीपासून वाचवायचं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या सकाळीपासून वाचवायचा उपाय बट नाकारणं नाही, कारण उद्या तिला चश्म्यावरून, उंचीवरून, दातांच्या तारेवरून कोणी उभं करू शकेल. तिला आधी एवढं माहीत हवं की असं काही झालं तर घरी येऊन सांगता येतं आणि घर तिच्या बाजूने शाळेत जातं. तू घरी येऊन सांगितलं होतंस का? पत्रात ते नाही. मला वाटतं, नव्हतंस.

म्हणून तो फोटो तिला तूच दाखव, मामाकडून गमतीत कळायच्या आधी. प्रार्थनेची गोष्टही सांग. ‘म्हणून तू करू नकोस’ हे शेपूट जोडू नकोस. फक्त सांग. चौदा वर्षांच्या मुलींना आईच्या चौदा-पंधराव्या वर्षाबद्दल फार कुतूहल असतं आणि आपण त्यांना नेहमी गुणपत्रिकाच दाखवतो.

मग बटेचं व्यवहाराने बघा, दोघी मिळून. शाळेचा नियम काय आहे ते आधी विचारून घ्या, म्हणजे दारात अडवल्यावर धावपळ नको. आपल्या काळ्या केसांवर निळा रंग नुसता लावून दिसत नाही, आधी ती बट उतरवावी लागते, म्हणजे पुन्हा तेच पेरॉक्साइड. जखमेवर लावायचं औषध किंवा चेहऱ्याचं ब्लीच डोक्याला अजिबात नको, टाळू भाजू शकते. केसांच्या रंगाच्या पुष्कळ पाकिटांवर १६ वर्षांखालच्यांसाठी नाही असं छापलेलं असतं, ते तिला स्वतः वाचू दे. तुझ्या ‘नाही’पेक्षा ते तिला लवकर पटेल. रंगाची अॅलर्जी काहींना फार जोरात येते, म्हणून कुठलाही रंग लावायच्या दोन दिवस आधी कोपराच्या आत किंवा कानामागे थोडा लावून बघायचा असतो.

तोवर पिनेने अडकवायच्या रंगीत बटा मिळतात, धुतल्यावर जाणारे केसांचे खडूही मिळतात. चवथीच्या सुट्टीत आधी त्यातलं काहीतरी करून बघा. कदाचित चार दिवसांत तिचा उत्साह ओसरेल, कदाचित वाढेल. वाढला तर सोळा पूर्ण झाल्यावर एखाद्या लांब सुट्टीत चांगल्या पार्लरमध्ये, आतल्या थरातली एक बट, तीही फक्त टोकाकडे, म्हणजे रसायन टाळूला लागत नाही आणि नको झाली तर कापता येते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. टोकाची चार बोटं म्हणजे सहा-आठ महिन्यांचा हिशेब. तो तिने मांडावा. आणि रंग बिघडला, तुझ्यासारखाच नारिंगी झाला, तर त्या संध्याकाळी घरात काय बोललं जाईल हे तू आजच ठरवून ठेव. आजीचे तीन शब्द तुझ्याजवळ आहेत.

तुझ्या आईशी याबद्दल बोलायचं की नाही हे मी तुझ्यावर सोडते. तिचा आठ दिवसांचा अबोला मला क्रूरपणापेक्षा घाबरलेपणाचा जास्त वाटतो. आईही कोणाच्या तरी नजरेखाली होती. पण ती सत्तरीची आहे आणि महिन्याभरात घरात कार्य आहे. पंच्याहत्तरी होऊन जाऊ दे.

आता थोडं फोटोंच्या कागदाबद्दल, कारण हे सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. त्या काळचे चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम आपल्या पावसाळ्यात फोटोंचे वैरी ठरतात. दमटपणाने बुरशी धरते, फोटो पानाला चिकटतो आणि ओढला की रंगाचा पापुद्रा निघतो. नखाने ओढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटो आणि पान यांच्या मधून हळूहळू सरकवला की बहुतेक वेळा निघतो. नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करा. फोनवर काढायचा तर फ्लॅश बंद, खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी.

तू लिहिलंस की त्या वर्षीचे सगळे फोटो फाडलेस. तो रोलचा काळ होता, एका रोलवर ३६ फोटो, प्रत्येकाचे पैसे. चवथीचा तो फोटो बाबांनी काढला असंही लिहिलंस. घरात सगळे नाराज असताना त्यांनी ३६ मधला एक तुझ्यावर आणि आजीवर खर्च केला. कदाचित एकाहून जास्तही. फोटो तू फाडलेस, पण निगेटिव्ह फाडल्या असं पत्रात कुठेही नाही. आईच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटात बघ. भावाशी बोलणं सुरू करायला ‘निगेटिव्ह कुठे आहेत रे’ हा प्रश्नही चालेल.

सापडल्या तर पट्टी कडेला धरून खिडकीच्या उजेडासमोर लेकीला दाखव. निगेटिव्हवर रंग उलटे उमटतात. त्या तपकिरी फिल्मवर तुझे नारिंगी केस तिला निळसर दिसतील.